जज साहेब पहिला प्रश्न कोणाला विचारतात? : वाचकांचे प्रश्न, वकील ताईंची उत्तरं

मागच्या अंकात हायकोर्ट आणि नागरी स्वातंत्र्य यावर दोन पानं लिहिली होती. त्यावर इतकी पत्रं आली की बाररूममधल्या माझ्या टेबलावर फाईल ठेवायला जागा उरली नाही, व्हॉइस नोट आल्या त्या वेगळ्या. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, पण जे प्रश्न वारंवार आले आणि जे वाचून मला रात्री झोप लागली नाही, ते इथे घेतले आहेत. काहींनी नाव छापू नका म्हटलं, म्हणून कोणाचंच नाव छापलं नाही.

प्रश्न : ताई, मी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. घटना एकच, कलमं तीच, मग दोन जज उलटसुलट निकाल कसे देतात? फॅक्ट चेक युनिटच्या केसमध्ये तर एकाच बेंचवरच्या दोघांनी वेगवेगळं लिहिलं. मग कायदा असा आहे म्हणायचं का जज असे आहेत म्हणायचं? (विद्यार्थिनी, रवीनगर)

उत्तर : बाळा, हा प्रश्न आमच्याकडे रोज चहावर निघतो. आधी केस सांगते म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल. २०२३ मध्ये केंद्र सरकारने आयटी नियमांत दुरुस्ती केली, की केंद्राच्या कामकाजाबद्दल सोशल मीडियावर जे काही फेक, खोटं किंवा दिशाभूल करणारं आहे ते सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार, आणि तसं ठरल्यावरही कंपनीने ती पोस्ट तशीच ठेवली तर कंपनीचं कायदेशीर संरक्षण जाणार. कुणाल कामरा आणि इतर काही जण मुंबई हायकोर्टात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल यांनी हा नियम घटनाबाह्य ठरवला आणि त्याच दिवशी त्याच बेंचवरच्या न्या. नीला गोखले यांनी तोच नियम वैध ठरवला. मग प्रकरण तिसऱ्या जजकडे गेलं, न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे, जे जज होण्याआधी वीसेक वर्षं आपल्या नागपुरातच वकिली करत होते. २० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी पटेल साहेबांच्या बाजूने मत दिलं आणि नियम गेला.

आता ते दोन निकाल शेजारी ठेवून वाच. पटेल साहेबांचा रोख पहिल्यापासून सरकारकडे आहे, की तुमच्याच कामाबद्दल काय खरं आणि काय खोटं हे तुम्हीच ठरवणार, हा अधिकार तुम्हाला आला कुठून. गोखले मॅडमचा रोख याचिकाकर्त्यांकडे आहे, की नियमाचा गैरवापर होईल ही तुमची भीती आहे, पण नुसत्या भीतीवर कायदा पाडता येतो का, उद्या खरंच गैरवापर झाला तर या ना कोर्टात. दोन्ही प्रश्न खरे आहेत, दोन्हींच्या मागे सुप्रीम कोर्टाचे जुने निकाल आहेत, दोघांपैकी कोणी मनाचं लिहिलेलं नाही. पण पहिला प्रश्न बदलला की पुढची सगळी पानं बदलतात.

ज्युडिशियल फिलॉसॉफी म्हणजे पुस्तकात मोठमोठी नावं आहेत, माझ्या लेखी ती एवढीच आहे की ओझं कोणाच्या डोक्यावर ठेवून जज साहेब फाईल उघडतात. सिव्हिल लाईन्समधल्या हायकोर्टाच्या त्या दगडी इमारतीत येऊन एक दिवस मागच्या बाकावर बस आणि फक्त एक गोष्ट बघ. मॅटर पुकारला की जज साहेब कागदातून मान वर करतात, ती पहिल्यांदा कोणाकडे वळते? सरकारी वकिलाकडे वळली आणि "ऑर्डर कुठे आहे, कोणत्या कलमाखाली काढली" असं विचारलं, तर सरकारी वकील झेरॉक्सचा गठ्ठा उलटायला लागतात, मागून पोलीस स्टेशनचा जमादार वाकून पान दाखवतो, आणि आमचा निम्मा युक्तिवाद न बोलताच झालेला असतो. मान आमच्याकडे वळली आणि "तुमच्या पक्षकारावर आधीचे गुन्हे किती" असं आलं, की पुढची वीस मिनिटं आम्ही माणसाचं चारित्र्य सांभाळत बसतो आणि ऑर्डर बरोबर होती का हा मुद्दा राहूनच जातो. माणूस तोच, कलम तेच.

कलम २१ चंच घे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय हिरावून घेता येणार नाही, हे शब्द १९५० पासून एका अक्षराने बदललेले नाहीत. १९५० च्या गोपालन केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या बहुमताने म्हटलं की विधिमंडळाने पद्धत ठरवली ना, मग झालं. १९७८ च्या मनेका गांधी केसमध्ये तेच कोर्ट म्हणालं की नुसती पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी पाहिजे. शब्द तेच, पण अठ्ठावीस वर्षांनी ओझं नागरिकाच्या डोक्यावरून उचलून सरकारच्या डोक्यावर ठेवलं. म्हणून पेपरात दोन्ही लिही, कायदा असा आहे आणि जज तो असा वाचतात, आणि कोणता वाचण्याचा मार्ग तुला पटतो तेही कारण देऊन लिही, कारण तीन वर्षांनी तू स्वतः तिथे उभी असणार आहेस.

प्रश्न : माझे वडील आणीबाणीत मिसाखाली नागपूर जेलमध्ये होते. मी तेव्हा सातवीत होतो, आई दर पंधरा दिवसांनी डबा घेऊन जायची. आता सगळे म्हणतात की तेव्हा कोर्टं झोपली होती. आपलं हायकोर्ट पण तसंच करून राहिलं होतं काय? (निवृत्त शिक्षक, महाल)

उत्तर : काका, नाही. आणि हे तुमच्या नातवंडांनाही सांगा.

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली, दोन दिवसांनी राष्ट्रपतींचा आदेश निघाला की कलम १४, २१ आणि २२ खाली कोर्टात दाद मागता येणार नाही. सरकारचं म्हणणं सरळ होतं, दरवाजाच बंद आहे तर याचिका ऐकायची कशाला. तरी देशातल्या नऊ हायकोर्टांनी ही भूमिका मानली नाही. ते म्हणाले की माणसाला डांबण्याचा आदेश मिसा कायद्यात, म्हणजे खटला न चालवता डांबण्याच्या त्या कायद्यात, बसतो का, योग्य अधिकाऱ्याने काढला का, हे आम्ही पाहणार. त्या नऊमध्ये मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ होतं. इथे सरकार हरलं म्हणूनच सरकार अपिलात दिल्लीला गेलं. तुमची आई डबा घेऊन जेलच्या दारात उभी राहायची तेव्हा दोन-तीन मैलांवर याच शहरातल्या जजांनी सरकारला सांगितलं होतं की दरवाजा बंद नाही.

मग २८ एप्रिल १९७६ ला त्या अपिलांवर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तो एडीएम जबलपूर नावाने ओळखला जातो. पाचपैकी चार जजांनी सरकारचं मान्य केलं आणि नऊच्या नऊ हायकोर्टं एका दिवसात चूक ठरली. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. सुनावणीत त्यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तरी दाद नाही का, आणि उत्तर आलं होतं की माझ्या युक्तिवादाप्रमाणे आणीबाणी आहे तोवर नाही. बघा काका, प्रश्न सरकारला विचारला म्हणून ते उत्तर रेकॉर्डवर आलं. तो विचारलाच नसता तर सरकारचा युक्तिवाद नुसताच गुळगुळीत कायद्याच्या भाषेत राहिला असता. खन्ना साहेबांना त्याची किंमत मोजावी लागली, जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून ज्युनिअर जजला सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं पक्कं केलं. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला प्रायव्हसीच्या केसमध्ये, नऊ जजांच्या बेंचने, ज्यात आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते, एडीएम जबलपूर अधिकृतपणे रद्द केला. त्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी स्वतःच्या वडिलांचं, म्हणजे १९७६ च्या त्या चार जजांपैकी एकाचं, मत चूक होतं असं लिहिलं. एक्केचाळीस वर्षं लागली. तुमचे वडील हे पाहायला होते की नाही हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही, मला ते वाटून गेलं.

प्रश्न : व्हॉट्सॲप स्टेटसवरून गुन्हा होतो काय? मी सरकारवर टीकेचं एक स्टेटस ठेवलं तर आई म्हणते काहून लफड्यात पडतो, डिलीट कर. (२२ वर्षं, नंदनवन)

उत्तर : गुन्हा दाखल होऊ शकतो, पण तो कोर्टात टिकेलच असं नाही, आणि मधल्या काळात जो त्रास होतो तो मोठा आहे, म्हणून आईच्या काळजीला हसू नको.

कोल्हापूर जिल्ह्यात एका काश्मिरी प्राध्यापकाने स्टेटस ठेवलं होतं, ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असं, आणि पाकिस्तानला १४ ऑगस्टच्या शुभेच्छा पण. समाजात तेढ पसरवण्याचं कलम १५३-अ लागलं. मुंबई हायकोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने, न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी, तो रद्द केला. लोकांच्या काही गटांवर याचा परिणाम होऊ शकतो ही हायकोर्टाची काळजी होती. सुप्रीम कोर्टाने विचारलं की परिणाम कोणत्या माणसावर मोजायचा, दुबळ्या मनाच्या, का सारासार विचार करणाऱ्या?

आणि हे माप कुठून आलं माहीत आहे? नागपूरहून. एआयआर, म्हणजे निकालांचा छापील संग्रह, १९४७ नागपूर, पान १. इंग्रजांचं राज्य होतं, एका वर्तमानपत्राच्या मजकुरावरून प्रांतिक सरकारने केलेल्या कारवाईची केस होती, आणि न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या नजरेने, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या नजरेने नाही. बोस साहेब आधी आपल्या लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, नागपूर हायकोर्ट १९३६ ला सुरू झालं तेव्हाचे जज, पुढे मुख्य न्यायमूर्ती, मग १९५१ ला सुप्रीम कोर्टात गेले. त्यांचं ते वाक्य १९८८ मध्ये एका टीव्ही मालिकेवर बंदी मागणाऱ्यांच्या विरोधात वापरलं गेलं, तुझ्यासारख्याच स्टेटसच्या केसमध्ये २०२४ ला आलं, आणि २८ मार्च २०२५ ला कवितेवरून गुन्हा दाखल झालेल्या एका खासदाराच्या केसमध्ये परत आलं, तिथेही हायकोर्टाने, गुजरातच्या, आधी नकारच दिला होता. मी ज्युनिअर असताना लायब्ररीत तो जाड व्हॉल्यूम पहिल्यांदा उघडला, पानं पिवळी पडलेली, कडेला कोणा वकिलाने पेन्सिलने रेघ मारलेली, आणि मला खरंच रडू आलं होतं. आपल्या गावात लिहिलं गेलंय ते.

तुझं स्टेटस टीका असेल तर ठेव. त्यात कोणत्या जातीला-धर्माला शिवी असेल तर काढ, मला विचारायचीही गरज नाही.

प्रश्न : मी पोलीस खात्यातून रिटायर झालो, गडचिरोलीत नऊ वर्षं काढली, दोन सोबती भूसुरुंगात गेले. साईबाबाला हायकोर्टाने दोनदा सोडलं, ते पण मंजुरीच्या कागदाच्या कारणावरून. तांत्रिक कारणावर असे लोक सुटत असतील तर आम्ही कशासाठी मेलो? (नागपूर ग्रामीण)

उत्तर : साहेब, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या सोबत्यांसमोर मी वकील म्हणून नाही, माणूस म्हणून मान खाली घालते. पण तांत्रिक या शब्दावर मला तुमच्याशी बोलायचंय.

आधी तारखा. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सेशन कोर्टाने प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांना माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून यूएपीएखाली, म्हणजे बेकायदेशीर कारवायांविरुद्धच्या कडक कायद्याखाली, शिक्षा दिली. १४ ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठाने, न्या. रोहित देव आणि न्या. अनिल पानसरे यांनी, सगळ्यांना सोडलं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुप्रीम कोर्टाने खास बसून त्याला स्थगिती दिली, आणि १९ एप्रिल २०२३ ला निकाल बाजूला सारून सांगितलं की दुसऱ्या बेंचने नव्याने ऐका, पुराव्यावर पण ऐका. ५ मार्च २०२४ ला न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझेस यांनी ऐकून परत सोडलं.

यूएपीएमध्ये मंजुरी का ठेवली आहे? या कायद्यात जामीन जवळजवळ मिळत नाही, चार्जशीटला नव्वदऐवजी एकशेऐंशी दिवस मिळू शकतात. माणसाची नेहमीची सगळी कवचं संसदेने काढून घेतली आणि बदल्यात २००८ मध्ये एक चाळणी ठेवली, की आधी एका स्वतंत्र अधिकाऱ्याने पुरावा तपासायचा, मग सरकारने मंजुरी द्यायची, तीही ठरलेल्या दिवसांत, आणि त्याशिवाय कोर्टाने खटला हातात घ्यायचा नाही. साईबाबांच्या बाबतीत मंजुरी आली तेव्हा आरोप निश्चित होऊन खटला सुरू झाला होता. पहिल्या बेंचने पहिला प्रश्न सरकारला विचारला, तुम्ही तुमचीच अट पाळली का? सुप्रीम कोर्टाचा पहिला प्रश्न वेगळा होता, खालच्या कोर्टाने पुरावा पाहून शिक्षा दिली आहे, गुन्हा इतका गंभीर आहे, तर पुरावा न पाहता सोडता कसं? मला पहिला प्रश्न जास्त बरोबर वाटतो, पण दुसरा विचारणाऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही, तो तुमचाच प्रश्न आहे.

आणि २०२४ चा निकाल फक्त कागदावर नाही साहेब. त्या बेंचने पुरावा पाहिला, जप्ती आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा विश्वास ठेवण्यासारखा सिद्ध झाला नाही असं म्हटलं, आणि इंटरनेटवरून कोणती विचारधारा वाचली-उतरवली एवढ्याने गुन्हा होत नाही असं म्हटलं. तोवर सहापैकी एक आरोपी, पांडू नरोटे, एक तरुण आदिवासी, ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेत असतानाच वारला होता. व्हीलचेअरवरचे साईबाबा ७ मार्च २०२४ ला नागपूर सेंट्रल जेलमधून बाहेर आले आणि १२ ऑक्टोबर २०२४ ला वारले. तुमच्या सोबत्यांना मारणाऱ्याला शिक्षा व्हायलाच पाहिजे, त्यासाठी तर पहिल्या दिवशी कागद नीट पाहिजे, पंचनामा नीट पाहिजे. नऊ वर्षं तुम्ही ते करत होतात, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

प्रश्न : मुलींच्या शाळेत शिकवते. २०२१ मध्ये आपल्याच नागपूर बेंचने कपड्यांवरून हात लावला तर पॉक्सो नाही असा निकाल दिला होता ना? तुम्ही स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणता, मग हे कोणाचं स्वातंत्र्य? (शिक्षिका, मानेवाडा)

उत्तर : बरोबर जागी बोट ठेवलंत ताई. १९ जानेवारी २०२१ चा तो निकाल, न्या. पुष्पा गनेडीवाला यांचा. बारा वर्षांची मुलगी होती. त्यांनी म्हटलं की त्वचेचा त्वचेला स्पर्श नाही म्हणून पॉक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ७ मधला लैंगिक हल्ला नाही, भारतीय दंड संहितेचं विनयभंगाचं कलम ३५४ लागेल. पॉक्सोत कमीत कमी शिक्षा तीन वर्षं, ३५४ मध्ये तेव्हा एक वर्ष.

त्यामागे एक जुना नियम आहे, शिक्षा देणारा कायदा काटेकोर, अक्षराला धरून वाचायचा, संशय असेल तर आरोपीला फायदा. नियम वाईट नाही, मीच आठवड्यातून दोनदा तो वापरते. पण अक्षर धरताना कायदा कोणासाठी केलाय हे हातातून सुटलं. १८ नोव्हेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला आणि सांगितलं की महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, कापड मध्ये होतं की नाही हे नाही. नाहीतर हातमोजे घालून केलं तर चालतं असा अर्थ निघाला असता. मी आधी म्हटलं ना की पहिला प्रश्न सरकारला विचारावा, तिथे मला एवढं जोडायचंय की समोर लेकरू असेल तेव्हा त्या लेकराचं शरीर हेही स्वातंत्र्यच आहे आणि तो प्रश्नही तितकाच आधी येतो. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणं अवघड आहे. त्यासाठी जज लागतात.

प्रश्न : मार्च २०२५ च्या दंगलीनंतर आरोपीचं घर पाडायला गेले तर हायकोर्टाने त्याच दिवशी थांबवलं. आमच्या गल्लीत गाड्या जळाल्या, आमच्यासाठी कोर्ट एका दिवसात का आलं नाही? (महाल)

उत्तर : तुमची गाडी जळाली याची भरपाई तुम्हाला मिळालीच पाहिजे, आणि ज्याने जाळली त्याला शिक्षा. पण शिक्षा खटला चालवून होते. २४ मार्च २०२५ ला खंडपीठाने विचारलं ते एवढंच की घरमालकाला ऐकलं का. त्याच्या चारच महिने आधी, १३ नोव्हेंबर २०२४ ला, सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलं होतं की पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय असं पाडकाम नाही, आणि तो निकाल लिहिणारे न्या. भूषण गवई याच नागपूर बेंचसमोर वकिली केलेले. पुढे महापालिकेने कोर्टात माफी मागितली. घर पाडून झाल्यावर दाद मागायची तर विटाच उरतात, म्हणून त्या दिवशी घाई होती.

प्रश्न : जज पाहून केस लावता येते का? (कामठी)

उत्तर : नाही. कोणता विषय कोणत्या बेंचकडे जाणार ते रोस्टर मुख्य न्यायमूर्ती ठरवतात आणि ते बदलत राहतं. जो वकील "आपल्या जजसमोर लावून देतो" म्हणेल त्याला वकीलपत्र देऊ नका.

प्रश्न : माझ्या पोराला तडीपारीची नोटीस आली आहे. त्याच्यावर दोन मारामारीचे गुन्हे आहेत, एक पाच वर्षं जुना. आता तो सेंट्रिंगच्या कामावर जातो, लग्न ठरलं आहे. नोटिशीत लिहिलं आहे की लोक भीतीने साक्ष द्यायला पुढे येत नाहीत. दोन वर्षं शहराबाहेर काढलं तर त्याचं काम जाते, लग्न मोडते. मी धुणीभांडी करते, हायकोर्ट आम्हाला परवडते काय? (उत्तर नागपूर)

उत्तर : ताई, नोटीस म्हणजे तडीपारी झाली असं नाही, हे आधी पोराला सांगा, आणि त्याला पळून जाऊ देऊ नका.

ही नोटीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५९ ची असते, म्हणजे तुमचं म्हणणं मांडायची संधी. लेखी उत्तर द्या. त्यात तो कुठे काम करतो, ठेकेदाराचं नाव, कधीपासून जातो, जुन्या केसची तारीख आणि सध्या ती कुठे अडकली आहे, हे सगळं लिहा, ठेकेदाराचं पत्र मिळालं तर जोडा. उत्तर दिल्याचा शिक्का आपल्या कॉपीवर घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.

आदेश निघालाच तर तीस दिवसांत सरकारकडे अपील असतं, आणि त्यानंतर हायकोर्टात रिट याचिका. सुप्रीम कोर्टाने २८ जानेवारी २०२२ ला जालन्याच्या एका तरुणाच्या केसमध्ये सांगितलंय की तडीपारी ही रोजची गोष्ट नाही, माणसाचा देशात कुठेही फिरण्याचा हक्क त्याने जातो, म्हणून क्वचितच वापरायची, आणि पुरती दोन वर्षं बाहेर काढायचं तर दोनच का याचं कारण आदेशात पाहिजे. त्या पोराची याचिका हायकोर्टाने आधी फेटाळली होती, लक्षात घ्या, म्हणजे एका ठिकाणी नाही म्हटलं तर सगळं संपलं असं नसतं. पाच वर्षांपूर्वीचा गुन्हा आणि आजची भीती यांचा धागा जुळतो का, हे पोलिसांनी दाखवायचं असतं. तुमच्या पोराने तो निर्दोष आहे हे आधी सिद्ध करून मग बोलायचं, असं नाही. हे वाक्य त्याला दोनदा वाचून दाखवा, कारण ऑफिसात त्याला उलटंच वाटायला लावतील.

पैशाचं म्हणाल तर, बाई म्हणून तुम्हाला स्वतःला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, पोराला त्याच्या कमाईवर किंवा अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर त्यावर मिळेल. जिल्हा कोर्टात त्या प्राधिकरणाचं ऑफिस आहे, हायकोर्टासाठी वेगळी समिती आहे. जाताना नोटीस, आधार कार्ड आणि जुन्या केसचे जे कागद घरात असतील ते सगळे न्या, अगदी चुरगळलेले पण. नोटीस लॅमिनेट करू नका, तिच्यावर मिळाल्याची तारीख किंवा सही असेल तर ती पुढे कामाला येते. नोटिशीवर हजर राहायची जी तारीख लिहिली आहे त्या दिवशी पोराला एकटं पाठवू नका, कामावर एक दिवसाचा खाडा पडला तरी चालेल, तुम्ही सोबत जा.